दुरुस्त केलेल्या राऊटरला त्याचा मूळ मॅक ॲड्रेस परत कसा द्यायचा

नागपुरात राऊटर दुरुस्तीला येतात ते साधारण ठरलेल्या वेळी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो, खिडकीत डेझर्ट कूलर रात्रंदिवस चालतो आणि त्याच खिडकीशेजारच्या फळीवर ठेवलेल्या राऊटरच्या पिनांना ओलाव्याने गंज चढतो. पावसाळ्याच्या तोंडाशी पहिला कडकडाट झाला की खांबावरून घरात आलेल्या तांब्याच्या केबलवाटे वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून आलेली नेटची केबल लागते ती जागा, जळतो. तिसरं कारण बारमाही आहे: फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट होत असताना लाइट जाणं. या प्रकारात राऊटरचे सगळे भाग ठणठणीत असतात, फक्त फ्लॅश चिपमधला मजकूर अर्धवट राहिलेला असतो. दुकानदार मग ‘फाईल मारतो’, म्हणजे त्याच मॉडेलच्या चालू राऊटरच्या चिपची पूर्ण प्रत, ज्याला डम्प म्हणतात, मेलेल्या चिपमध्ये लिहितो. दिवे लागतात, वाय-फाय दिसतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं.

त्या प्रतीसोबत दुसऱ्या राऊटरचा मॅक ॲड्रेसही, म्हणजे नेटवर्कवर तो नग ओळखायचा क्रमांकही, आलेला असतो. तो काढून मूळचा परत बसवणं हे वेगळं काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते केलंच जात नाही. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी पुढची माहिती आहे. मॅक हेक्समध्ये, म्हणजे शून्य ते नऊ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत लिहितात; हे हेक्स आकडे इथे देवनागरीत लिहिलेत. ए ते एफ ही अक्षरं कीबोर्डवर अर्थातच रोमनमध्ये दाबायची.

चुकीच्या मॅकने बिघडतं काय?

मॅक ॲड्रेस ४८ बिटांचा असतो आणि तो हेक्सच्या सहा जोड्यांत लिहितात. पहिल्या तीन जोड्या आयईईई या संस्थेने कंपनीला नेमून दिलेल्या असतात, उरलेल्या तीन कंपनी त्या त्या नगाला देते. एकाच नेटवर्कवर दोन नगांचा ॲड्रेस सारखा नसावा, एवढीच त्यामागची अपेक्षा. आता समजा एकाच दुकानातून, एकाच डम्पवर दुरुस्त झालेले दोन राऊटर मानेवाड्याच्या एकाच गल्लीत गेले आणि दोघांचा नेटवालाही एकच निघाला. त्याचा स्विच कुठला ॲड्रेस कुठल्या पोर्टवर आहे हे लक्षात ठेवत असतो. तोच ॲड्रेस दोन पोर्टांवरून बोलायला लागला की स्विच दर क्षणी मत बदलतो. दोन्ही घरांत नेट चालतं आणि बंद पडतं. दोन्ही घरचे नेटवाल्याला फोन करतात, तो मुलगा पाठवतो, मुलगा केबलचं टोक बदलून जातो. दोष भलतीकडेच असतो.

यापेक्षा नेहमी दिसणारी तक्रार म्हणजे, "युजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी कनेक्ट होत नाही." गल्लीपातळीवरचे बरेच नेटवाले ग्राहकाच्या खात्याला राऊटरचा मॅक बांधून ठेवतात. दुरुस्तीनंतर मॅक बदलला की सर्व्हर त्याला ओळखत नाही. काही डम्पमध्ये मॅकच्या जागी सगळे एफएफ किंवा सगळी शून्यं असतात. असा राऊटर कधी वाय-फायच सुरू करत नाही, कधी वॅनला आयपी घेत नाही.

कशाला हात लावायचा नाही

फायबरवाल्याने दिलेला ओएनटी, म्हणजे फायबरची तार ज्यात येते तो डबा, बाजूला ठेवा. जीपॉन या फायबर जोडणीच्या पद्धतीत त्याची ओळख मुख्यतः सिरियल नंबरने पटते, आणि बहुधा तो डबा तुमच्या मालकीचाही नसतो. सिमकार्डवर चालणाऱ्या फोरजी राऊटरला मॅकशिवाय आयएमईआय हा मोबाइल नेटवर्कसाठीचा ओळख क्रमांकही असतो. त्याच्याशी छेडछाड करण्याला २०१७च्या केंद्रीय नियमांनी बंदी घातली होती, आता २०२३च्या दूरसंचार कायद्याखाली ती आहे आणि तो गुन्हा धरला जातो, त्यामुळे "भाऊ, जरा आयएमईआय पण टाकून द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणायचं. आणि शेजाऱ्याचा मॅक टाकून त्याच्या कनेक्शनवर चालायचं असेल, तर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आपण बोलतोय ते साध्या, स्वतःच्या मालकीच्या वाय-फाय राऊटरबद्दल. उदाहरणादाखल टीपी-लिंकचे जुने ७४० आणि ८४१ मॉडेल घेतलेत, कारण घरोघरी तेच आहेत आणि शिकायलाही तेच सोपे.

आधी खरा ॲड्रेस शोधा

राऊटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर मॅक, पिन (वाय-फाय जोडणीचा आठ आकडी क्रमांक) आणि हार्डवेअर व्हर्जन छापलेलं असतं. खोलण्याआधी त्याचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, कारण हॉट एअर गनची झळ लागली की स्टिकर काळवंडतो, आणि स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतील तर ते काढताना तो फाटतोही. अक्षरं पुसट असतील तर लक्षात ठेवा की मॅकमध्ये शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांशिवाय काहीच येत नाही. म्हणजे ओ वाटलं तर ते शून्य किंवा डी, एस वाटलं तर पाच. खरा घोळ आठ आणि बी यांत होतो. स्टिकरवर बारकोड असेल तर मोबाइलच्या स्कॅनरने वाचून घ्या, ते डोळ्यांपेक्षा भरवशाचं.

सेकंडहँड मालात आणखी एक भानगड असते: खालचं झाकण एका राऊटरचं आणि आतला बोर्ड दुसऱ्याचा. म्हणून स्टिकरवरचं मॉडेल आणि व्हर्जन बोर्डवर छापलेल्या नावाशी ताडून पाहा. जुळत नसेल तर त्या स्टिकरवरच्या मॅकवर विश्वास ठेवू नका.

स्टिकरच नसेल तर खोका शोधा, त्याच्या बाजूवरही तोच ॲड्रेस चिकटवलेला असतो. खोका रद्दीत गेला असेल तर नेटवाल्याच्या ऑफिसात विचारा. त्यांनी मॅक बांधला असेल तर जुना ॲड्रेस त्यांच्या सिस्टीमवर दिसतो, फक्त तो बहुधा वॅनचा असतो, स्टिकरवरचा नाही. या दोघांतला फरक पुढे येतोच. आणि जुन्या चिपमधला मजकूर अर्धवट का होईना वाचता येत असेल तर सगळ्यात खात्रीचा पुरावा तिथेच आहे.

मिळालेल्या ॲड्रेसची एक झटपट परीक्षा आहे. डावीकडून दुसरा आकडा पाहा. कारखान्यातून निघालेल्या राऊटरच्या स्टिकरवर तो शून्य, चार, आठ किंवा सी असतो. दोन, सहा, ए किंवा ई असेल तर तो कोणीतरी हाताने बनवलेला, स्थानिक वापराचा ॲड्रेस. विषम आकडा असेल तर तो एका नगाचा ॲड्रेस असूच शकत नाही, वाचण्यात चूक झाली आहे.

सामान

सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचणारं आणि लिहिणारं यूएसबीचं छोटं यंत्र), आठ पायांची क्लिप, स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप. नागपूरच्या सीताबर्डीत ‘मोदी नंबर’ म्हणतात त्या गल्ल्यांमध्ये लॅपटॉप सोडून बाकीचं काही शे रुपयांत मिळून जातं. घेताना एक बघा: काळ्या बोर्डाच्या स्वस्त सीएच३४१एमध्ये चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. जुन्या चिपा ते सहन करतात, म्हणून "आमचं तर चालते ना" असं दुकानात ऐकायला मिळतं. तरी व्होल्टेज निवडायची सोय असलेला बोर्ड मिळाला तर तोच घ्या. काही नव्या चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना वेगळं ॲडाप्टर लागतं, नाहीतर चिप जाते.

लॅपटॉपवर प्रोग्रामरचं सॉफ्टवेअर (लिनक्सवर फ्लॅशरॉम) आणि एक हेक्स एडिटर (फाइलीतले बाइट हेक्समध्ये दाखवणारा आणि बदलू देणारा प्रोग्राम) हवा. विंडोजवर एचएक्सडी फुकट आहे आणि पुरेसा आहे. डेस्कटॉपवर काम करत असाल तर यूपीएस असू द्या. चिप लिहिताना लाइट गेली तर ज्या कारणाने राऊटर आला होता तेच तुम्ही पुन्हा कराल.

चिप वाचणे

राऊटरचा ॲडाप्टर काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. क्लिप लावलेली असताना राऊटरला त्याची स्वतःची वीज कधीच द्यायची नाही. बोर्डवर आठ पायांची छोटी चिप शोधा, तिच्यावर २५क्यू३२, २५क्यू६४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ३२ म्हणजे ३२ मेगाबिट, म्हणजे ४ मेगाबाइट; ६४ म्हणजे ८ मेगाबाइट. चिपच्या कोपऱ्यातला ठिपका म्हणजे एक नंबरचा पाय, क्लिपची लाल तार त्या बाजूला येऊ द्या.

आता वाचा आणि फाईल सेव्ह करा. पुन्हा वाचा, दुसऱ्या नावाने सेव्ह करा. दोन्ही फाईल एडिटरमध्ये एकमेकींशी ताडा. एका बाइटचाही फरक असेल तर क्लिप नीट बसलेली नाही, पुसून पुन्हा लावा. सगळीकडे एफएफच दिसत असेल तर क्लिप चिपला टेकलेलीच नाही. काही बोर्डांत क्लिपमधून गेलेली वीज मुख्य प्रोसेसरलाही मिळते, तो जागा होतो आणि मध्ये बोलायला लागतो. मग कितीदाही वाचलं तरी फाईल सारख्या येत नाहीत. तिथे हट्ट करू नका, चिप हॉट एअरने काढून सॉकेटमध्ये वाचा.

सारख्या आलेल्या दोन फाइलींपैकी एक कायमची बाजूला ठेवा आणि तिच्यात काहीही बदलू नका. राऊटर सध्या चुकीच्या मॅकने चालत असला तरी ही प्रत लागते. दुरुस्तीच्या कामात बॅकअपशिवाय चिप पुसणारा माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे मी माझा राऊटर देणार नाही.

फाइलीत मॅक कुठे आहे

टीपी-लिंकच्या जुन्या ७४० आणि ८४१ मध्ये जागा ठरलेली आहे. एडिटरमध्ये ऑफसेट (फाइलीच्या सुरुवातीपासून मोजलेली जागा, हेक्समध्ये) १एफसी०० वर जा: तिथले सहा बाइट म्हणजे मॅक. १एफडी०० वर मॉडेलचा क्रमांक असतो. ८४१ व्हर्जन ८ असेल तर तिथे ०८ ४१ ०० ०८ असं सुरू होणारं काहीतरी दिसेल, ७४० व्हर्जन ४ असेल तर ०७ ४० ०० ०४. स्टिकर आणि बोर्ड जुळतात का, याची ही तिसरी साक्ष. १एफई०० वर आठ आकडी पिन असतो, आणि तो उजवीकडच्या मजकुराच्या रकान्यात सरळ वाचता येतो.

या पिनकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. ८४१च्या या पिढीत वाय-फायचा कंपनीने दिलेला पासवर्ड म्हणजेच हा पिन, आणि वाय-फायच्या नावाचं शेपूट म्हणजे मॅकचे शेवटचे चार आकडे. त्यामुळे नुसता मॅक बदलला आणि पिन दुसऱ्याचा राहिला, तर रीसेटनंतर गिऱ्हाईक स्टिकरवरचा पासवर्ड टाकत बसतं आणि वाय-फाय त्याला आत घेत नाही. दोन्ही बदला. पिनचा आठवा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला पडताळणीचा असतो, म्हणून तो मनाने रचू नका, स्टिकरवरचाच टाका.

मॉडेल वेगळं असेल तर वरचे ऑफसेट जसेच्या तसे वापरू नका. मीडियाटेकच्या चिपसेटवर चालणाऱ्या अनेक राऊटरमध्ये मॅक ‘फॅक्टरी’ नावाच्या भागात असतो. एमटी७६२८च्या नेहमीच्या मांडणीत तो भाग ४०००० वर सुरू होतो, पहिले दोन बाइट २८ ७६ असतात, आणि भागाच्या सुरुवातीपासून चार बाइट सोडून वाय-फायचा मॅक असतो. पण टीपी-लिंकने त्याच चिपसेटवर मांडणी बदलली आहे. तेव्हा कुठल्याही मॉडेलला चालणारी रीत अशी:

राऊटर चालू करून त्याच्या स्टेटस पानावर सध्याचे चुकीचे मॅक पाहा आणि लॅन (घरातल्या केबलींची बाजू), वॅन (नेटवाल्याची बाजू), वाय-फाय असे वेगवेगळे लिहून घ्या. मग डम्पमध्ये ते सहा बाइट शोधा, आधी हेक्स म्हणून, मग मजकूर म्हणून, कोलनसकट आणि कोलनशिवाय. जिथे जिथे सापडतील ते ऑफसेट टिपून ठेवा. सगळे मॅक सापडणार नाहीत, कारण बरेच राऊटर एकच मूळ ॲड्रेस साठवतात आणि बाकीचे त्यात एक मिळवून किंवा वजा करून बनवतात. ८४१ मध्ये लॅन आणि वाय-फायचा मॅक स्टिकरवरचाच असतो आणि वॅनचा त्याहून एकने जास्त. बेरीज हेक्समध्ये करायची: शेवटची जोडी ५९ असेल तर पुढची ५ए, एफएफ असेल तर ०० आणि हातचा एक आधीच्या जोडीला. ड्युअल बँड राऊटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा आणखी एक ॲड्रेस असतो आणि त्याचा नियम कंपनीगणिक वेगळा. तिथे दुसऱ्याच्या डम्पमधल्या ॲड्रेसमधलं अंतर मोजा आणि तेच अंतर तुमच्या मूळ ॲड्रेसला लावा.

शोधताना ००:०सी:४३ ने सुरू होणारा ॲड्रेस दिसला तर तो रालिंकच्या, म्हणजे आताच्या मीडियाटेकच्या, नावावरचा आहे. राऊटर दुसऱ्या कंपनीचा असून स्टेटस पानावर हा दिसत असेल तर बहुधा खरा मॅक पुसला गेलाय आणि कारखान्याने नुसता जागा भरायला ठेवलेला ॲड्रेस चाललाय.

बदल

काम नेहमी प्रतीवर करा. एडिटरमध्ये त्या जागी जाऊन जुन्या बाइटांवर नवे टाइप करा. पेस्ट करायचं असेल तर सांभाळून: एचएक्सडीत साधं पेस्ट नवे बाइट मध्ये घुसवतं आणि पुढचा सगळा मजकूर सहा बाइट सरकतो. वरून लिहिणारं पेस्ट वेगळं आहे, कंट्रोल आणि बी. सेव्ह करण्याआधी फाइलीचा आकार बघायचाच. ४ मेगाबाइटची फाईल बरोबर ४१,९४,३०४ बाइटांची असते, ८ मेगाबाइटची ८३,८८,६०८. एक बाइट इकडेतिकडे झाला असेल तर ती फाईल टाकून द्या आणि पुन्हा सुरुवात करा.

मग ही फाईल मूळ प्रतीशी ताडा. फरक फक्त तुम्ही बदललेल्या ठिकाणी दिसले पाहिजेत.

काही राऊटरमध्ये मॅक यू-बूट या बूटलोडरच्या (राऊटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) एन्व्हायर्नमेंट भागात ‘ईथॲडर’ या नावाने असतो. तिथे हेक्स एडिटर चालवायचा नाही. त्या भागाच्या सुरुवातीला चार बाइटांची सीआरसी, म्हणजे पुढच्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची बेरीज, असते. मधलं एक अक्षर बदललं की ती जुळत नाही आणि बूटलोडर तुमचा सगळा भाग नाकारून स्वतःची डिफॉल्ट मूल्यं घेतो. अशा वेळी ३.३ व्होल्टच्या यूएसबी-टीटीएल केबलने सिरियल कन्सोलवर जा (फक्त ग्राउंड, आरएक्स आणि टीएक्स जोडा, विजेची तार नको) आणि बूटलोडरच्या स्वतःच्या आदेशांनी मूल्य बदलून साठवा. सीआरसी तो स्वतः नव्याने काढतो. ब्रीड नावाचा बूटलोडर टाकलेला असेल तर त्याच्या वेब पानावरच मॅक बदलायची सोय आहे, क्लिपचीही गरज नाही.

राऊटरच्या सेटिंगमधलं ‘मॅक क्लोन’ हा यावरचा इलाज नव्हे. ते फक्त वॅनच्या बाजूचा ॲड्रेस झाकतं आणि रीसेट केलं की जातं. नेटवाल्याचं ऑफिस सोमवारी उघडेपर्यंत रविवार काढायला ठीक आहे.

कॅलिब्रेशन

मॅकपेक्षा हा भाग जास्त नाजूक आहे, आणि फाईल मारणाऱ्यांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. ज्या चिपमध्ये मॅक असतो, त्याच चिपमध्ये वाय-फायच्या रेडिओचं कॅलिब्रेशनही असतं: कुठल्या चॅनेलवर किती ताकद द्यायची याचे आकडे, प्रत्येक बोर्डावर कारखान्यात मोजून लिहिलेले. अथेरॉस कंपनीच्या चिपसेटवाल्या टीपी-लिंकमध्ये (जुने ७४० आणि ८४१ यांतलेच) हे चिपच्या शेवटच्या ६४ किलोबाइटमध्ये असतं, ४ मेगाबाइटच्या चिपमध्ये ३एफ०००० पासून. मीडियाटेकमध्ये ते मॅकसोबत फॅक्टरी भागातच बसतं.

पूर्ण डम्प मारला की हे आकडेही दुसऱ्याचे येतात. राऊटर चालतो, पण पुढच्या खोलीत सिग्नल पडतो आणि दोष भिंतीला जातो. म्हणून मेलेली चिप पुसण्याआधी वाचायची. फर्मवेअर अर्धवट असलं तरी शेवटचा भाग अनेकदा शाबूत सापडतो, कारण अपडेट त्या भागाला हात लावत नाही. जुन्या फाइलीतला तो ६४ किलोबाइटचा तुकडा उचलून नव्या फाइलीत त्याच जागी वरून लिहा. १एफसी०० चा मॅकही जुन्या फाइलीत तसाच असण्याची शक्यता बरीच असते, मग स्टिकरशी जुळवून तोच घ्या.

जुनी चिप खरोखरच मेली असेल तर मूळ कॅलिब्रेशन गेलं ते गेलं. त्याच मॉडेलच्या, त्याच व्हर्जनच्या राऊटरचं वापरता येतं, पण गिऱ्हाइकाला तसं सांगून. "नव्यासारखा झाला" म्हणू नका.

लिहिणे आणि तपासणे

चिप पुसा, फाईल लिहा, सॉफ्टवेअरला पडताळणी करायला लावा. क्लिप काढल्यावरच ॲडाप्टर लावायचा. राऊटर सुरू झाल्यावर रीसेटचं बटण दाबून कारखान्याच्या स्थितीत आणा, मग स्टेटस पान उघडा. मॅक रीसेटनंतरही टिकला पाहिजे, खरी परीक्षा ती. लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टवर एआरपीची यादी (कुठल्या आयपीचा मॅक कोणता, हे दाखवणारी) काढून राऊटरच्या आयपीसमोर तोच ॲड्रेस दिसतो का पाहा. स्टिकरवरच्या पासवर्डने मोबाइल वाय-फायला जोडा. नंतर राऊटरपासून दोन भिंती पलीकडे जाऊन सिग्नल पाहा.

मूळ मॅक परत आला असेल तर नेटवाल्याला काही सांगावं लागत नाही, जुनं बंधन आपोआप जुळतं. मधल्या काळात त्याने दुसरा मॅक बांधला असेल तर मात्र ऑफिसला फोन करून "मॅक रीसेट करून द्या" एवढंच म्हणायचं, त्यांना ते रोजचं काम आहे. सोबत वॅनचा ॲड्रेस सांगा, स्टिकरवरचा नव्हे. नाहीतर ते चुकीचा ॲड्रेस बांधतील आणि तुम्ही परत राऊटर खोलून बसाल.

दुकान चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डम्पांचा साठा प्रत्येकाकडे असतो, त्यात मॅक, पिन आणि कॅलिब्रेशनच्या जागी एफएफ भरून ठेवा. मग घाईच्या दिवशी या तीन गोष्टी लिहायच्या राहिल्या, तर राऊटर टेबलावरच बोंबलेल, नंदनवनच्या कुठल्यातरी घरात जाऊन महिनाभराने नाही.